डायलिसिसचा सोमवार आणि रुळांवरचे पाणी

८ जुलै २०२४ चा सोमवार अनेक मुंबईकरांच्या लक्षात असेल. मध्यरात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत शहराच्या काही भागांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्याचे महापालिकेने सांगितले. शाळांना सुट्टी जाहीर झाली. मध्य रेल्वेवर शीव आणि भांडुप-नाहूर या पट्ट्यात पाणी रुळांच्या वर आले आणि सुमारे तासभर गाड्या थांबल्या. पाणी ओसरल्यावरही लोकल रखडतच धावत होत्या. ज्यांना कचेरी गाठायची होती त्यांनी फोन करून 'आज जमत नाही' असे कळवले आणि घरी चहा टाकला.

पण ठाण्यापासून घाटकोपरपर्यंतच्या या पट्ट्यात 'आज जमत नाही' म्हणण्याची सोय नसलेली माणसेही राहतात. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली आणि डायलिसिसवर असलेली ही माणसे. त्यांच्या घरात आठवडा वारांनी मोजला जातो: सोमवार-बुधवार-शुक्रवार, नाहीतर मंगळवार-गुरुवार-शनिवार. लग्नाचे आमंत्रण असो, दहावीचा निकाल असो की गावची जत्रा, पहिला प्रश्न एकच, "त्या दिवशी डायलिसिस आहे का?" सोमवारच्या गटातल्या रुग्णासाठी ८ जुलैचा पाऊस अगदी वाईट वारी आला होता. तो वाईट का, हे समजून घेतले तर पावसाळ्यात काय सांभाळायचे हेही आपोआप समजते.

१६८ पैकी १२ तास

निरोगी मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक भाग ती शरीराला परत देतात आणि दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. या कामात पाणी, क्षार, आम्ल आणि पोटॅशियम यांचा तोल क्षणाक्षणाला राखला जातो. सुट्टी नाही, रविवार नाही.

हिमोडायलिसिसमध्ये हे काम एका नळकांड्यावर सोपवलेले असते. बहुतेक रुग्णांच्या हातात छोटी शस्त्रक्रिया करून रोहिणी आणि नीला जोडलेली असते. या जोडाला फिस्च्युला म्हणतात. त्यावर बोट ठेवले तर मांजर गुरगुरावे तशी थरथर जाणवते. तिथे दोन सुया घातल्या जातात. एका सुईतून मिनिटाला साधारण ३०० मिलिलिटर रक्त यंत्राकडे जाते आणि दुसरीतून परत येते. वाटेत ते डायलायझरमधून, म्हणजे केसासारख्या बारीक हजारो पोकळ तंतूंतून वाहते. तंतूंच्या बाहेरून उलट दिशेने मिनिटाला सुमारे ५०० मिलिलिटर डायलिसिस द्राव वाहत असतो. युरिया, पोटॅशियम यांसारखे पदार्थ रक्तातून त्या द्रावात उतरतात आणि साठलेले जादा पाणी दाबाने खेचले जाते. चार तासांच्या एका बैठकीला असा सुमारे १२० लिटर द्राव लागतो. त्यासाठीचे पाणी अतिशुद्ध करून घ्यावे लागते ते वेगळेच.

अशा तीन बैठका म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांपैकी १२ तास. उरलेल्या १५६ तासांत पाणी, मीठ आणि पोटॅशियम शरीरात साठत राहते. म्हणून डायलिसिसच्या उपचारात यंत्रावरच्या चार तासांइतकेच दोन बैठकांमधल्या काळालाही महत्त्व आहे. तो काळ लांबला की धोका वाढतो.

शुक्रवार ते सोमवार

सोमवार-बुधवार-शुक्रवार असे वार असलेल्या रुग्णाला आठवड्यात दोनदा एका दिवसाची आणि एकदा दोन दिवसांची विश्रांती मिळते. ती शनिवार-रविवारची. बहुतेक केंद्रे रविवारी बंद असतात म्हणून ही रचना जगभर पडली आहे. याच जास्तीच्या एका दिवसाची किंमत २०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधल्या एका अभ्यासाने दाखवून दिली. अमेरिकेतल्या ३२,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर दिसले, की दोन दिवसांच्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचे प्रमाण दर १०० रुग्ण-वर्षांमागे २२.१ होते आणि इतर दिवशी १८. हृदयविकाराचा झटका, हृदय कमकुवत होऊन दम लागणे आणि पक्षाघात यांसाठी दाखल होण्याचे प्रमाणही त्याच दिवशी अधिक होते.

कारण सरळ आहे. लघवी जवळपास होतच नसेल तर प्यालेला प्रत्येक लिटर वजनात एक किलो होऊन बसतो. ते पाणी आधी पायांत, मग फुप्फुसांत उतरते. पोटॅशियमचे तर काही दिसतच नाही. रक्तात ते लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असावे लागते. साडेसहाच्या वर गेले की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि अनेकदा आधी काहीही जाणवत नाही.

आता सोमवारी लोकल बंद पडली असे समजा. शुक्रवारनंतरची पुढची बैठक बुधवारी होईल, म्हणजे मधला काळ तीनऐवजी पाच दिवसांचा. आपल्याकडे खर्चामुळे अनेक जण आठवड्यातून दोनदाच डायलिसिस घेतात. गुरुवार आणि सोमवार असे वार असलेल्या माणसाचा सोमवार हुकला तर तो गुरुवार ते गुरुवार, पूर्ण सात दिवस यंत्राविना राहतो. दोन फूट पाण्याचा अर्थ त्याच्यासाठी हा असतो.

घर ते यंत्र हे अंतर

डायलिसिसचा इतिहास पाहिला तरी खरी अडचण 'पुन्हा पुन्हा' हीच होती. जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ या डॉक्टरने १९४३ मध्ये लाकडी पिंपाभोवती सॉसेजसाठी वापरले जाणारे सेलोफेनचे आवरण गुंडाळून पहिले कामचलाऊ यंत्र बनवले. १९४५ मध्ये त्यावर ६७ वर्षांची एक बाई वाचली. पण दर वेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागत असल्याने काही वेळांनंतर जागाच उरत नसे. १९६० मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलला बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी वापरली आणि त्यांचा पहिला रुग्ण पुढे ११ वर्षे जगला. १९६६ मध्ये फिस्च्युलाची पद्धत आली. तेव्हापासून रक्तापर्यंत पोहोचण्याची वाट कायमची खुली झाली.

मुंबईला डायलिसिस हा शब्द घरोघरी ऐकू आला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीत अटकेत असताना त्यांची प्रकृती ढासळली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना जसलोक रुग्णालयात आणले गेले आणि मूत्रपिंडे निकामी झाल्याचे स्पष्ट झाले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात निधन होईपर्यंत, म्हणजे जवळपास चार वर्षे, ते डायलिसिसच्या आधाराने जगले. त्या काळात हा उपचार मोजक्या मोठ्या रुग्णालयांतच होता. आज उपनगरांत इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, औषधाच्या दुकानाशेजारीही डायलिसिस केंद्राची पाटी दिसते. तरी प्रत्येकाला घराजवळ यंत्र मिळतेच असे नाही. कुणाला योजनेत बसणारे केंद्र दोन स्थानके पलीकडे मिळते, कुणाला परवडणारे केंद्र रुळांच्या दुसऱ्या बाजूला.

२०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, तेव्हाच्या भाषणात हे अंतर नेमके मांडले होते. देशात दरवर्षी मूत्रपिंड निकामी झालेल्या सुमारे २.२ लाख नव्या रुग्णांची भर पडते आणि त्यामुळे वर्षाला ३.४ कोटी डायलिसिसची जादा गरज निर्माण होते. सुमारे ४,९५० केंद्रे आहेत, तीही प्रामुख्याने खासगी आणि मोठ्या शहरांत. एका बैठकीचा खर्च सुमारे दोन हजार रुपये, म्हणजे वर्षाला तीन लाखांहून अधिक. त्याशिवाय वारंवारच्या लांबच्या प्रवासाचा खर्च आणि बुडणारी मजुरी यांचाही उल्लेख होता. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत संलग्न रुग्णालयांत डायलिसिस मोफत मिळते. त्याने बिलाचा भार हलका झाला. रस्त्याचा प्रश्न मात्र रुग्णालाच सोडवावा लागतो.

इतरांनी काय शिकून ठेवले

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई ठप्प झाली. त्यानंतर सुमारे महिन्याभराने अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहर कॅटरिना वादळात बुडाले. तिथल्या डायलिसिस रुग्णांचा नंतर अभ्यास झाला. त्यांतल्या ४४ टक्क्यांची किमान एक बैठक हुकली होती आणि सुमारे १७ टक्क्यांच्या तीन किंवा अधिक. एकटे राहणाऱ्यांमध्ये आणि केंद्राची आपत्कालीन योजना ठाऊक नसलेल्यांमध्ये हे प्रमाण अधिक होते.

सात वर्षांनी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, न्यूयॉर्क-न्यू जर्सीवर सँडी वादळ येणार असल्याचे आधी कळले होते. तेव्हा केंद्रांनी वाट न पाहता रुग्णांना वारांआधीच बोलावून घेतले. त्या भागातल्या सुमारे ६० टक्के रुग्णांचे डायलिसिस वादळापूर्वी उरकले. असे आधी डायलिसिस झालेल्यांत आपत्कालीन विभागात धाव घेण्याचे, रुग्णालयात दाखल होण्याचे आणि पुढच्या ३० दिवसांत मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिले. यासाठी ना नवे औषध लागले, ना नवे यंत्र. फक्त हवामानाचा अंदाज वाचून वेळापत्रक पुढे ओढले गेले.

आपल्याला याचा अनुभव २०२० च्या टाळेबंदीत आला. देशातल्या १९ मोठ्या रुग्णालयांच्या पाहणीत डायलिसिसच्या सुमारे २८ टक्के रुग्णांची किमान एक बैठक त्या काळात हुकल्याचे आढळले. तेव्हा गाड्या बंद होत्या, पावसाळ्यातही त्या काही तास किंवा एखादा दिवस बंद पडतात. फरक एवढाच, की पावसाळा दरवर्षी येतो आणि तारीख सांगून येतो.

अलर्ट आला की काय करायचे

पहिली गोष्ट फोनची. हवामान विभागाचा ऑरेंज अलर्ट दिसला की रेडची वाट न बघता केंद्राला फोन करून विचारावे, "आज किंवा उद्या सकाळी जागा मिळेल का?" सोमवारच्या गटासाठी शनिवार संध्याकाळचा हा फोन सर्वांत मोलाचा असतो. जाता आले नाही तर 'पुढच्या वारी बघू' म्हणू नये. पाणी ओसरल्यावर त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी जागा मागून घ्यावी. बैठक चुकली तर पुढची चार तासांचीच ठेवायची की वाढवायची, हे डॉक्टर ठरवतील.

दुसरी गोष्ट कागदाची. एका प्लास्टिकच्या पिशवीत एक पान कायम तयार हवे: तुमचे ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यानंतरचे वजन, डायलिसिसचे वार व तास, फिस्च्युला कुठल्या हातात आहे, चालू औषधे, कशाची ॲलर्जी आहे, डॉक्टरांचा आणि केंद्राचा नंबर. सोबत कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही चाचणीचे ताजे अहवाल हवेत. अनोळखी केंद्र हे अहवाल पाहिल्याशिवाय सहसा यंत्रावर घेत नाही, कारण संसर्ग असलेल्यांसाठी वेगळी व्यवस्था ठेवावी लागते. रुळांच्या आपल्याच बाजूला, रिक्षाने किंवा चालत जाता येईल असे दुसरे केंद्र मे महिन्यातच शोधून ठेवावे. डायलिसिस योजनेतून होत असेल तर आयत्या वेळी तिथे काय लागेल, तेही आधीच विचारावे.

तिसरी गोष्ट ताटाची. पावसाच्या दिवशी घरात अडकलेला मराठी माणूस काय करतो? कांदाभजी तळतो आणि तीन वेळा चहा पितो. भज्यांतल्या मिठाने तहान लागते आणि तहानेने पाणी पोटात जाते. बैठक हुकली असेल तर पाणी, चहा, ताक, आमटीचे वरचे पाणी असे सगळे मिळून दिवसाला किती, हा आकडा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावा. तो नेहमीच्या आकड्यापेक्षा बराच कमी असेल. त्या मापाची एक बाटली सकाळी भरावी आणि दिवसभर तिच्यातूनच घ्यावे. घरात वजनकाटा असावा. वजन किती वाढले हे काटा सांगतो, अंदाज फसवतो.

श्रावणात जपायला हवे. सोमवारचा उपवास आणि सोमवारी हुकलेले डायलिसिस ही जोडी धोक्याची आहे. साबुदाणा स्वतः निरुपद्रवी आहे, पण खिचडीतले बटाटे आणि शेंगदाणे, सोबतचे रताळे, केळे, खजूर आणि वर नारळपाणी हे सगळे पोटॅशियमचे भांडार आहे. 'फळ आहे, हलके असते' ही समजूत इथे उपयोगाची नाही. सैंधव मीठ हेही मीठच आहे. 'लो सोडियम' म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात तर बहुधा सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते, ते या घरात नकोच. करमळ, म्हणजे बाजारात स्टारफ्रूट नावाने मिळणारे फळ, मूत्रपिंडाच्या रुग्णाला एकही खाऊ नये. त्यातले विष मेंदूवर परिणाम करते.

मग खायचे काय? साधा भात आणि तूप, बटाटा-शेंगदाणे न घातलेले पोहे, रव्याचा कमी मिठाचा उपमा, भरपूर पाण्यात उकडून पाणी फेकून दिलेली दुधी किंवा पडवळाची भाजी. मधुमेह असलेल्यांनी आणि इतरांनीही असा तीन दिवसांचा बेत आहारतज्ज्ञांकडून जूनच्या आधी लिहून घ्यावा. पोटॅशियम कमी करणारी पावडर डॉक्टरांनी अडीअडचणीसाठी दिली असेल तर ती संपत आलेली नाही ना, हे बघावे.

चौथी गोष्ट रस्त्यावरच्या पाण्याची. मानेत किंवा छातीत तात्पुरती नळी असलेल्या रुग्णाने पावसात भिजणे टाळावेच. नळीचे ड्रेसिंग ओले झाले तर संसर्ग थेट रक्तात जातो. ते भिजले तर त्याच दिवशी केंद्रात बदलून घ्यावे. साचलेल्या पाण्यातून चालावे लागले तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईने ही साथ पाहिली आहे. पायाला जखम असेल किंवा पाण्यातून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना लगेच सांगावे. लेप्टो आणि मलेरियाने एरवी धडधाकट माणसाचीही मूत्रपिंडे काही काळ बंद पडू शकतात. त्यामुळे पावसाळ्यात डायलिसिसच्या यंत्रांवरचा ताणही वाढतो.

आणि काही खुणा अशा, की त्या दिसल्यावर पावसाची सबब चालत नाही. आडवे पडल्यावर दम लागणे, छातीत दुखणे, हातापायांत एकाएकी कमजोरी, नाडी फार मंद किंवा अनियमित होणे. यांपैकी काहीही झाले तर नेहमीच्या केंद्राचा हट्ट सोडून १०८ ला फोन करावा आणि जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. फिस्च्युलाची थरथर बंद पडली तरीही थांबू नये. ती रक्तवाहिनी वाचवायला मोजकेच तास हातात असतात.

यंत्रामागची माणसे

केंद्रांचीही एक बाजू आहे. यंत्राला वीज आणि पाणी लागते, तसा सुया घालणारा टेक्निशियनही लागतो. तोही बहुधा याच लोकलने येतो. नाहूरला राहणारा रुग्ण छत्री घेऊन चालत केंद्रात पोहोचला आणि टेक्निशियन कल्याणच्या पुढे अडकला, तर यंत्र असूनही उपयोग नाही. अतिवृष्टीच्या रात्री दोघा-तिघांच्या मुक्कामाची सोय, शेजारच्या केंद्राशी रुग्ण घेण्याचा समझोता, आणि सोमवारच्या गटाची वेगळी यादी, एवढी तयारी छोट्या केंद्रालाही जमण्यासारखी आहे. कोरोनाच्या काळात शहरातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी आणि महापालिकेने बाधित रुग्णांना मोकळ्या यंत्रापर्यंत पोहोचवणारी ऑनलाइन व्यवस्था उभी केली होती. मुंबईत असे होऊ शकते, हे तेव्हा सिद्ध झाले. पावसाळ्यासाठी तसे काही उभे राहायला हरकत नाही.

ज्यांचे केंद्र फारच लांब आहे, त्यांनी घरी करता येणाऱ्या पोटाच्या डायलिसिसबद्दल एकदा तरी डॉक्टरांशी बोलावे. सर्वांना ते योग्य नसते, पण ज्यांना जमते त्यांचा उपचार लोकलवर अवलंबून राहत नाही. ज्यांचे प्रत्यारोपण होऊ शकते, त्यांनी प्रतीक्षायादीत नाव नोंदवण्याची दिरंगाई करू नये.

आणि ज्यांच्या घरात डायलिसिस नाही, त्यांनाही एक काम आहे. आपल्या इमारतीत किंवा चाळीत आठवड्यातून तीनदा सकाळी हातात पिशवी घेऊन निघणारे, दुपारी थकून परतणारे कुणीतरी बहुधा असतेच. पुढच्या वेळी फोनवर ऑरेंज अलर्ट येईल तेव्हा त्यांचे दार वाजवून विचारा, "काका, उद्या तुमचा वार आहे का? माझी गाडी आहे, आजच जाऊन येऊ या."